आरंभदोष आणि निर्णयाचा अधिकार : ‘क्यूएमू’च्या दोषनिवेदन-संकेताची चिकित्सा

संगणकाच्या आज्ञावलीकडे लिखित वाङ्मय म्हणून पाहण्याची सवय आपल्याकडील भाषाभ्यासाला अद्याप लागलेली नाही. आज्ञावली यंत्रासाठी लिहिलेली असते, माणसांच्या भाषाव्यवहाराशी तिचा संबंध नाही, असा एक समज यामागे दिसतो. हा समज फारसा टिकण्यासारखा नाही. मोठी आज्ञावली शेकडो माणसे वर्षानुवर्षे लिहीत असतात. एकाचे लिखाण दुसरा वाचतो, त्यात भर घालतो, ते दुरुस्त करतो. अशा सामुदायिक लिखाणात कोणी कोणास काय सांगावे, कोणत्या शब्दांत सांगावे आणि सांगून झाल्यावर पुढचा निर्णय कोणी घ्यावा, याविषयीचे संकेत ठरवावेच लागतात. आणि संकेत म्हटला की तो भाषाशास्त्राच्या कक्षेत आलाच. असा एक संकेत येथे परीक्षणासाठी घेतला आहे. तो आहे ‘क्यूएमू’ या एम्युलेटरमधील दोषनिवेदनाचा, आणि त्यातही विशेषेकरून उपकरण सुरू होतानाच उद्भवणाऱ्या दोषांचा.

एम्युलेटर म्हणजे एका यंत्राच्या आत दुसऱ्या यंत्राचे सोंग हुबेहूब वठवणारी आज्ञावली. प्रोसेसर, स्मृती, डिस्क, नेटवर्क-कार्ड, ध्वनिकार्ड हे सर्व तिच्यात केवळ लेखनरूपाने असते. परंतु आत चालणाऱ्या प्रणालीला ते खरेच आहे असे वाटते. क्यूएमूचा आरंभ फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये केला. आज जगातील कितीतरी सेवाकेंद्रांतील आभासी यंत्रे तिच्या आधारावर उभी आहेत. नव्या प्रोसेसरची चिप हाती येण्यापूर्वी त्यावरील आज्ञावल्या तपासून पाहण्याचे काम एम्युलेटरवरच होते. मद्रासच्या आयआयटीतील ‘शक्ती’ या प्रोसेसर-कुटुंबातील एक यंत्र २०२१ मध्ये क्यूएमूत समाविष्ट झाले, आणि मुंबईच्या आयआयटीने ‘अजित’ हा प्रोसेसर २०१९ मध्ये लोकांपुढे आणला, हे ध्यानात घेता हा विषय आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही.

असे सोंग उभे करताना पुष्कळ गोष्टी बिघडू शकतात. डिस्क म्हणून दिलेली फाइल सापडत नाही. मागितलेली स्मृती यजमान संगणकाजवळ शिल्लक नसते. दोन उपकरणे एकाच पत्त्यावर हक्क सांगतात. एखाद्या गुणाला दिलेले मूल्य मर्यादेबाहेरचे असते. उपकरण अजून चालू झालेले नाही, तोच दोष उद्भवलेला आहे. यालाच येथे आरंभदोष म्हटले आहे. प्रश्न एवढाच की, तो ओळखणाऱ्या फंक्शनने पुढे काय करावे?

जुन्या क्यूएमूमध्ये याचे उत्तर प्रत्येक लेखकाने आपापल्या मनाने दिलेले आढळते. सर्वांत प्रचलित रीत अशी : पडद्यावर एक ओळ छापावयाची आणि लगेच ‘एग्झिट’ करून संपूर्ण आज्ञावलीच संपवावयाची. दुसरी रीत ‘हार्डवेअर-एरर’ नावाच्या फंक्शनची. हे फंक्शन प्रोसेसरच्या सर्व रजिस्टरांतील आकडे पडद्यावर ओतून मग प्राण सोडी. फाइलचे नाव चुकलेल्या माणसासमोर रजिस्टरांची यादी यावी, हा प्रकार म्हणजे पत्ता विचारणाऱ्यास गावाचे सात-बारा उतारे वाचून दाखविण्यासारखाच होय. तिसरी रीत ऋण संख्या परत करण्याची. पण त्या संख्येचा अर्थ काय, हे परत घेणाऱ्यास ठाऊक असेलच असे नाही. चौथी रीत मौनाची. दोष झाला तरी काही न बोलता पुढे चालावयाचे आणि अर्धवट उभे राहिलेले उपकरण पुढे केव्हातरी वेगळ्याच ठिकाणी कोसळू द्यावयाचे. एकाच आज्ञावलीत, कधीकधी एकाच फाइलीत, या चारही रीती शेजारी-शेजारी नांदत असत.

हा केवळ शिस्तीचा प्रश्न असता तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. परंतु क्यूएमूमध्ये यंत्र चालू असतानाच त्यास नवे उपकरण जोडता येते. मॉनिटर नावाच्या आज्ञाखिडकीतून व्यवस्थापक तशी आज्ञा देतो. आता समजा, आत एखाद्या पतसंस्थेचा हिशेब चालला आहे आणि व्यवस्थापकाने जादा नेटवर्क-कार्ड जोडावयास घेतले. कार्डाची काही जुळणी चुकली. कार्डाच्या लेखकाने जर ‘एग्झिट’ लिहून ठेवले असेल, तर न जोडल्या गेलेल्या एका कार्डापायी चालते यंत्र, त्यातील न जतन केलेल्या हिशेबासह, एका क्षणात नाहीसे होते. कार्ड जोडले गेले नाही, हे कळवणे एवढेच वास्तविक त्या फंक्शनचे काम होते.

सोलापूरच्या वाचकास ही गोष्ट मागाच्या दृष्टांताने चटकन उमगेल. येथील पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. त्या काळच्या वाफेच्या गिरण्यांत एकच इंजिन छताखालचा लांब दांडा फिरवी आणि पट्ट्यांच्या द्वारे त्या दांड्यावरून प्रत्येक मागाला गती मिळे. बाण्याचा धागा तुटला की मागावरील एक लहानसा काटा ते ओळखी आणि त्या मागाचा पट्टा मोकळ्या चाकावर सरकवला जाई. तो माग थांबे. शेजारचे माग चालू राहत. धागा तुटल्याचे सर्वांत आधी काट्याला कळते, हे खरे. पण म्हणून काट्याच्या हाती इंजिनाची वाफ बंद करण्याची किल्ली कोणी दिली नव्हती. इंजिन थांबवावे की नाही, हे ज्याला सर्व सांचा दिसतो त्याने ठरवावयाचे. जुन्या क्यूएमूतील उपकरणलेखकांनी काट्याला वाफेची किल्ली देऊन ठेवली होती.

सुधारणा एका दिवसात झाली नाही. २००९ मध्ये उपकरणांना समान सांगाडा देण्याचा आरंभ झाला. २०११ मध्ये ‘एरर’ नावाची वस्तू आली : दोष घडल्यावर तो छापण्याऐवजी त्याचे वर्णन एका वस्तूत भरून ती वस्तू कॉल करणाऱ्याच्या हाती द्यावयाची. २०१३ मध्ये उपकरणाच्या जन्माचे दोन टप्पे स्पष्टपणे वेगळे पडले. पहिल्या टप्प्यात, म्हणजे ‘इन्स्टन्स-इनिट’मध्ये, वस्तू केवळ घडवावयाची, येथे दोष संभवता कामा नये. दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे ‘रिअलाइझ’मध्ये, ती प्रत्यक्ष जोडावयाची, येथे दोष संभवतो व तो वर कळवावयाचा. हे विभाजन कागदावर सोपे दिसते. परंतु शेकडो जुन्या उपकरणांचे लिखाण नव्या रीतीत आणण्यास पुढे कित्येक वर्षे लागली. मधल्या काळात काही चमत्कारिक अवस्था निर्माण झाल्या. एखाद्या उपकरणाला कोणकोणते गुण आहेत, एवढी विचारणा केली तरी क्यूएमू कोसळते, असे काही उपकरणांबाबत आढळून आले. कारण विचारणेसाठी वस्तू तात्पुरती घडवावी लागे आणि पहिल्या टप्प्यात जे करू नये ते त्या उपकरणांच्या लेखकांनी तेथेच करून ठेवले होते. प्रत्येक उपकरणाला अशी विचारणा करून पाहणारी चाचणी २०१५ मध्ये जोडण्यात आली.

आता मूळ संकेताकडे वळू. तो ज्या शीर्षफाइलीत आहे, तिच्या आरंभीचे दीर्घ टिपण हा तांत्रिक गद्याचा उत्तम नमुना आहे. त्याचा आशय थोडक्यात असा : दोष कळवणाऱ्या फंक्शनने त्यासाठी एक शेवटचा घटक स्वीकारावा. दोष ओळखणे आणि स्वच्छपणे अपयशी होणे ही त्या फंक्शनची जबाबदारी. दोषाचे काय करावयाचे, ही कॉल करणाऱ्याची. म्हणून त्या घटकात काय भरून आले आहे याची चौकशी फंक्शनने करू नये. ओळखणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, हे तत्त्व येथे उपदेशाच्या रूपाने न राहता फंक्शनच्या रचनेतच उतरलेले आहे. संकेताचे खरे बळ यातच आहे. उपदेश विसरता येतो. घटकसंख्या विसरली तर आज्ञावलीचे भाषांतरच होत नाही.

त्या एका स्थानी कॉल करणारा चार प्रकारची मूल्ये भरू शकतो. रिकामे मूल्य भरले तर त्याचा अर्थ, दोष झाला तरी चालेल, मला सांगू नका. ‘एरर-फेटल’ भरले तर, दोष झाल्यास संदेश छापून आज्ञावली संपवा. ‘एरर-अबॉर्ट’ भरले तर, येथे दोष होणे शक्यच नाही. झालाच तर तो आज्ञावली लिहिणाऱ्याचा प्रमाद समजावा. आणि स्वतःचे रिकामे पात्र पुढे केले तर, दोष मला द्या, मी पाहून घेईन. मराठी व्याकरणात क्रियापदाचे स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे चार अर्थ मानतात. क्रिया तीच राहून बोलणाऱ्याची तिच्याकडे पाहण्याची वृत्ती त्यांतून व्यक्त होते. येथेही क्रिया तीच राहते आणि केवळ अखेरचा घटक बदलून वृत्ती बदलते. तुलना याहून ताणू नये. परंतु ‘फेटल’ आणि ‘अबॉर्ट’ यांतील भेद हा शक्यतेविषयीच्या विधानाचा भेद आहे, शिक्षेच्या तीव्रतेचा नव्हे, एवढे तिच्यामुळे स्पष्ट होते. आणि पुष्कळ लेखकांच्या हातून हाच भेद निसटलेला दिसतो. वापरणाऱ्याने चुकीचे मूल्य दिल्यामुळे घडू शकणाऱ्या दोषावर ‘अबॉर्ट’ लावणे म्हणजे त्याच्या चुकीला अशक्य ठरवणे होय. मग ती घडली की संदेशाच्या आधी त्याच्या पुढ्यात ‘अनपेक्षित दोष’ आणि आज्ञावलीतील फाइलचे नाव व ओळ क्रमांक येतो.

२०२० पर्यंत या रचनेत एक मोठी गंमतीची, म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने मुळीच गंमतीची नसलेली, त्रुटी होती. मुख्य संदेशाला पुरवणी म्हणून एक सूचना जोडता येते. उदाहरणार्थ, चालण्याजोग्या मूल्यांची यादी. ती जोडावयाची ती संदेश तयार झाल्यानंतर. पण कॉल करणाऱ्याने ‘एरर-फेटल’ भरले असले तर संदेश तयार होताच आज्ञावली संपे, आणि सूचना जोडणारी पुढची ओळ कधीच अमलात येत नसे. वाक्य उच्चारून पूर्ण होण्यापूर्वीच बोलणारा निघून जाई. वापरणाऱ्यास मदतीची जेव्हा सर्वाधिक गरज, नेमकी तेव्हाच ती मिळेनाशी होई. लेखक मात्र आपण सूचना लिहिली आहे या समाधानात राहत. २०२० मध्ये यावर एक संरक्षक मॅक्रो काढण्यात आला. तो फंक्शनच्या आरंभी लिहिला की ‘फेटल’ची अंमलबजावणी फंक्शन संपेपर्यंत थोपवली जाते. त्याच सुमारास दुसराही नियम दृढ झाला : दोषाची वस्तू भरण्याबरोबरच फंक्शनने यशापयशाचा बोध करणारे मूल्यही परत द्यावे. त्यापूर्वी प्रत्येक पायरीला एक स्थानिक पात्र घ्यावयाचे, त्यात दोष आला का ते पाहावयाचे, आला असल्यास वर ढकलावयाचा, असा पाल्हाळ करावा लागे. पाल्हाळ आला की चूक आलीच.

संदेशाच्या भाषेविषयीही नियम आहेत. संदेश एकच पदसमूह असावा, शेवटी विरामचिन्ह नसावे, त्यात नवी ओळ नसावी. हे योग्यच, कारण तो संदेश कोणत्या वाक्यात कोठे बसवला जाईल हे लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. वर सांगितलेल्या पुरवणी-सूचनेविषयीचा शेरा तर विशेष मार्मिक आहे. गोंधळात टाकणारा मूळ संदेश सुबोध करण्यासाठी सूचनेचा वापर करू नये, असे त्यात बजावले आहे. मूळ वाक्य वाईट लिहून त्याखाली टीप देण्याची खोड विद्यापीठीय प्रबंधांनाही आहे, तेव्हा हा शेरा संगणकाबाहेरही वाचावयास हरकत नाही. मात्र संदेशाचा कर्ता आणि कारण यांविषयी नियम काहीच बोलत नाही. मराठीत ‘फाइल उघडली नाही’ आणि ‘फाइल उघडता आली नाही’ यांत जो फरक आहे, पहिल्यात उघडण्याचा यत्न झाला की नाही हे संदिग्ध राहते आणि दुसऱ्यात तो होऊन फसल्याचे कळते, तशा फरकाची निगा प्रत्येक लेखकाच्या भाषिक जाणिवेवर सोपवलेली आहे. शिवाय २०१२ मध्ये दोषांचे पूर्वीचे बहुतेक वेगवेगळे वर्ग मोडून त्यांच्या जागी एकच ‘सामान्य दोष’ हा वर्ग आणण्यात आला. त्यामुळे दोषादोषांतील भेद सांगण्याचा भार आता जवळजवळ सर्वस्वी त्या एका पदसमूहावर पडतो. वर्गांचे जंजाळ मोडले हे बरे झाले. पण त्यानंतर संदेशाच्या भाषेकडे जेवढे लक्ष द्यावयास हवे होते, तेवढे दिले गेले असे म्हणता येत नाही.

सर्वांत महत्त्वाचा आक्षेप मात्र वेगळाच आहे. लेखनशैलीच्या नियमावलीत एक सवलत आहे : यंत्र उभे करताना जुळणीचा दोष आढळला तर ‘एग्झिट’ करण्यास हरकत नाही; यंत्र चालू असताना मात्र ते करू नये, आणि मॉनिटरच्या आज्ञेने तर कधीच करू नये. वरवर पाहता ही सवलत निरुपद्रवी वाटते. यंत्र अजून उभेच राहिलेले नाही, गमावण्यासारखे काही नाही, मग तेथेच थांबले तर बिघडले कोठे? संपूर्ण बोर्ड उभारणाऱ्या फंक्शनपुरता हा युक्तिवाद बिनतोड आहे. त्याच्या वर निर्णय घेणारा दुसरा कोणी नसतोच.

परंतु ही सवलत काळावर आधारलेली आहे, आणि आपण कोणत्या काळी बोलावले गेलो आहोत हे उपकरणाच्या ‘रिअलाइझ’ फंक्शनला कळत नाही. आज्ञेच्या ओळीत ‘डिव्हाइस’ असा निर्देश करून जोडलेले कार्ड आणि चालू यंत्राला मॉनिटरमधून जोडलेले कार्ड, ही दोन्ही अखेरीस एकाच ‘रिअलाइझ’मधून जातात. पहिल्या वेळी कॉल करणारा अखेरच्या स्थानी ‘फेटल’ भरतो, म्हणून दोष घडल्यास आज्ञावली संपते. दुसऱ्या वेळी तो स्वतःचे पात्र भरतो, म्हणून दोष मॉनिटरवर दिसतो आणि यंत्र चालू राहते. फंक्शन तेच, परिणाम दोन, आणि दोन्ही योग्य. मूळ संकेताचे सारे सामर्थ्य या एका उदाहरणात दिसते. आता त्या ‘रिअलाइझ’च्या आतच कोणी ‘फेटल’ लिहिले, तर पहिल्या वेळी सर्व सुरळीत दिसेल, चाचणीही उत्तीर्ण होईल, आणि दुसऱ्या वेळी चालते यंत्र मरेल. नियमावली स्वतःच सांगते की ‘फेटल’ हे ‘एग्झिट’चेच दुसरे नाव आहे. तरीही वरून आलेला घटक हाती असताना तो खाली न देता आतल्या आत ‘फेटल’ वापरण्याची सवय कित्येक बोर्डांच्या व चिप्सच्या लिखाणात दिसून आली आहे. जुना ‘एग्झिट’ लिहिताना लेखकास निदान आपण काय करतो आहोत हे दिसत असे. ‘फेटल’ नव्या संकेताच्या पोशाखात येतो, म्हणून तपासणाऱ्याच्या डोळ्यांतून सुटतो.

यावर असे म्हणता येईल की बोर्डावर कायमची बसलेली उपकरणे चालू यंत्राला जोडता येतच नाहीत. तेव्हा त्यांच्या बाबतीत ही भीती काल्पनिक आहे. आजपुरते हे बरोबर आहे. परंतु नवा लेखक नवे उपकरण लिहिताना जुन्या उपकरणाचे लिखाण समोर ठेवून लिहितो. भाषा ज्या रीतीने पसरते त्याच रीतीने ही सवयही पसरते. नियम वाचून बोलणारे थोडे, ऐकून बोलणारे फार. एका ठिकाणी अपवाद म्हणून खपलेले रूप दुसऱ्या ठिकाणी नियम म्हणून येते. यास्तव सवलत काळावर न ठेवता स्थानावर ठेवावयास हवी होती. ज्या फंक्शनजवळ दोष वर देण्याचे स्थान आहे त्याने तो वरच द्यावा, मग वेळ आरंभीची असो की नंतरची; आणि ज्याजवळ ते स्थानच नाही, त्या सर्वांत वरच्या फंक्शनने थांबण्याचा निर्णय घ्यावा. हा नियम तपासावयासही सोपा आहे. काळ तपासण्यास आज्ञावली चालवून पाहावी लागते. स्थान तपासण्यास फंक्शनची पहिली ओळ वाचली की पुरते.

इतर एम्युलेटरांनी याच प्रश्नाची वेगळी उत्तरे दिली आहेत. बॉक्समध्ये लेखक फक्त दोषाची पातळी सांगतो, आणि ‘पॅनिक’ पातळीचा दोष आल्यास थांबावे, विचारावे की नुसते कळवावे, हे वापरणारा आपल्या जुळणीच्या फाइलीत लिहून ठेवतो. निर्णयाचा अधिकार येथे थेट वापरणाऱ्यापर्यंत गेलेला आहे. यात उदारता आहे. पण वापरणाऱ्याने ‘नुसते कळवा’ निवडले तर पुढच्या ओळी कोणत्या अवस्थेत चालतील याची हमी लेखक देऊ शकत नाही. जुन्या खेळयंत्रांसाठी १९९७ पासून चालत आलेल्या मेममध्ये आणखी एक चांगली रीत आहे. खेळास लागणाऱ्या रॉम-फाइलींपैकी पहिली सापडली नाही म्हणून तो तेथेच थांबत नाही. सर्व फाइली तपासून जेवढ्या नाहीत तेवढ्यांची यादी देतो, मग यंत्र चालवता येत नाही असे सांगतो. फाइल आहे पण तिची पडताळणी जुळत नाही, अशा वेळी तो इशारा देऊन पुढे जातो. क्यूएमूमध्ये एका वेळी एकच दोष वर जाऊ शकतो. संकेतच तसा आहे. पाच चुका असलेल्या जुळणीसाठी वापरणाऱ्यास पाच वेळा आज्ञावली चालवावी लागते. मेमची रीत क्यूएमूने जशीच्या तशी घ्यावी असे नाही, कारण रॉम-फाइली परस्परांवर अवलंबून नसतात आणि उपकरणे असतात. तथापि गुणांची मूल्ये तपासण्याच्या टप्प्यापुरती ती घेता आली असती.

राहता राहिली ‘स्वच्छपणे अपयशी होणे’ ही अट. संकेतातील हे दोन शब्द वाचावयास सोपे आणि पाळावयास सर्वांत अवघड आहेत. ‘रिअलाइझ’ने स्मृती घेतली, पत्ता नोंदवला, टायमर लावला आणि चौथ्या पायरीवर ते फसले, तर आधीच्या तीनही पायऱ्या उलट क्रमाने उतरून आल्यावाचून त्याने परत येता कामा नये. ‘एग्झिट’ करणाऱ्या जुन्या लेखकास ही कटकट नव्हती. आज्ञावलीच संपली की आवराआवर कोणी करावयाची? दोष वर देणाऱ्या नव्या लेखकावर ती येते, आणि पुष्कळ उपकरणांत ती अपुरी राहिलेली आढळते. क्यूएमूच्या उपकरण-गाभ्यात ‘रिअलाइझ’ करवून घेणाऱ्या फंक्शनच्या शेवटी अपयशाच्या लेबलांची एक उतरंड आहे : मुले जोडताना फसले तर येथे, त्यानंतर फसले तर तेथे. ती उतरंड काळजीपूर्वक रचलेली आहे. परंतु गाभा जे आवरतो ते गाभ्याने मांडलेले. उपकरणाने स्वतः मांडलेला पसारा उपकरणानेच आवरावयाचा. तो न आवरता परत आलेल्या कार्डाचा टायमर काही क्षणांनी वाजतो, त्या वेळी कार्ड स्मृतीतून गेलेले असते, आणि जे यंत्र वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला ते तेथे पडते. अशा पडण्याचा माग मूळ दोषापर्यंत काढणे ‘एग्झिट’च्या एका ओळीहून कितीतरी कठीण असते. म्हणून जुन्या उपकरणाचे रूपांतर तपासताना ‘एग्झिट’ गेला का, एवढेच पाहून चालत नाही. त्याच्या जागी आलेल्या प्रत्येक परतीच्या वाटेवर काय-काय मागे राहिले, ते एकेक करून मोजावे लागते.